रुग्णालयाच्या भिंती आणि चौकशीचे अहवाल

धर्मादाय संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेत देणगीदारांची नामावली, जमाखर्चाचा गोषवारा आणि झालेल्या कामांचा आढावा असावयाचा, अशी रीत आहे आणि ती योग्यच आहे. परंतु महोत्सव हा मागे वळून पाहण्याइतकाच पुढचा मार्ग आखण्याचाही प्रसंग असतो. औषधपाण्याला मदत करणे, रुग्णाच्या नातेवाइकांच्या जेवणाखाण्याची सोय पाहणे, गरजूला योग्य दवाखान्याची वाट दाखविणे, ही कामे आपल्यासारख्या संस्था मोठ्या आस्थेने करीत असतात. मात्र ज्या इमारतीत आपण रुग्णाला नेऊन पोचवितो, ती इमारत त्याचा सांभाळ करण्यास समर्थ आहे काय, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. रोग डॉक्टर पाहतील आणि इमारत सरकार पाहील, असे आपण गृहीत धरून चालतो. प्रस्तुत लेखात आम्ही या गृहीताचीच थोडी तपासणी करणार आहोत.

विषय तसा रुक्ष आहे. रुग्णालयाची इमारत गळते, जळते अथवा कोसळते, लोक हळहळतात, सरकार चौकशी नेमते, अहवाल येतो. मग पुढे काय होते? आमच्या मते सर्व काही या शेवटच्या प्रश्नावर अवलंबून आहे. चौकशीमुळे झालेल्या दुर्घटनेचे कारण कळते. परंतु पुढची दुर्घटना टळावयाची असेल, तर त्या अहवालाप्रमाणे कोणीतरी, ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या पैशाने काम करावे लागते. हे काम झाले तर अहवाल सार्थकी लागला. नाही तर तो कपाटात जाऊन पडला.

बेगम बाजारच्या रहिवाशांना याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. अफझलगंजचा उस्मानिया दवाखाना आपल्या दुकानांपासून थोड्याच पावलांवर आहे, आणि गोषामहलचे मैदान तर आपल्या शेजारीच आहे. म्हणून आरंभ येथूनच करू.

पुराची चौकशी आणि दोन तलाव

२८ सप्टेंबर १९०८ या दिवशी मुसी नदीला जो महापूर आला, त्याच्या कथा आपल्यापैकी अनेकांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या असतील. नदीकाठच्या वस्त्यांतील हजारो माणसे वाहून गेली, घरे भुईसपाट झाली. अफझल-उद्-दौला यांच्या कारकीर्दीत १८६६ मध्ये सुरू झालेला अफझलगंजचा दवाखानाही त्या पुरात उद्ध्वस्त झाला. त्याच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसांनी जीव वाचविला, अशी नोंद आहे. जेथे माणसे जीव वाचविण्यासाठी आणली जात, त्या इमारतीने दगा दिला आणि झाडाने हात दिला, असा तो प्रसंग होता.

त्यानंतर निजाम सरकारने जे केले, ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुराची कारणे शोधून उपाय सुचविण्यासाठी सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. हे गृहस्थ पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात वर्षानुवर्षे काम केलेले. १९०९ मध्ये त्यांनी मुसीच्या सगळ्या खोऱ्याची पाहणी केली. शहराच्या वरच्या अंगाला त्या खोऱ्यात ७८८ तलाव होते आणि त्यांपैकी २२१ फुटले होते, असे त्यांना आढळले. अर्थात संकट केवळ आकाशातून आले नव्हते. वरचे बांध एकामागून एक फुटत गेल्याने त्याचा जोर वाढला होता. म्हणून त्यांचा सल्ला असा होता, की शहरात नुसत्या नदीकाठच्या भिंती बांधून भागणार नाही. मुसी आणि तिला मिळणारी ईसी या दोन्ही नद्यांचे पाणी शहराच्या वरच धरणे बांधून अडविले पाहिजे.

सहावे निजाम १९११ मध्ये निवर्तले. राज्यकर्ता बदलला की आधीच्या कारकीर्दीतील कागद बाजूला पडतात, हा सार्वत्रिक अनुभव आहे. येथे तसे झाले नाही. सातव्या निजामांच्या कारकीर्दीत १९१२ मध्ये नगर सुधारणा मंडळ स्थापन झाले. १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर पूर्ण झाले. म्हणजे पूर आल्यापासून शेवटचा दगड बसेपर्यंत सुमारे एकोणीस वर्षे लागली, पण काम सुटले नाही. मुसीला नंतर पूर आलेच नाहीत असे नव्हे, तथापि १९०८ सारखा संहार पुन्हा झाला नाही.

या उदाहरणात चौकशी यशस्वी का झाली, याचा विचार केला तर तीन गोष्टी दिसतात. पहिली, अहवालाने नुसते दोष दिले नाहीत, तर कोणते काम कोठे करावयाचे ते नेमके सांगितले. दुसरी, ते काम पार पाडण्यासाठी अधिकार आणि पैसा असलेली यंत्रणा उभी राहिली. तिसरी, माणसे बदलली तरी काम चालू राहिले. पुढील उदाहरणे पाहताना वाचकांनी या तीन कसोट्या ध्यानात ठेवाव्यात.

उस्मानिया दवाखान्याची अवस्था

पुरानंतर त्याच अफझलगंजात नवा दवाखाना उभा राहिला आणि त्याला सातव्या निजामांचे नाव मिळाले. त्याचा आराखडा व्हिन्सेंट एश या इंग्रज वास्तुविशारदाचा. नदीच्या पैलतीरावरील उच्च न्यायालयाची इमारतही त्यांनीच आखली. घुमट, कमानी, उंच छते आणि हवेशीर दालने असलेली ही वास्तू शहराचे भूषण ठरली. तेलंगण, मराठवाडा आणि कर्नाटक या तिन्ही भागांतील गोरगरिबांनी तिच्या पायऱ्या झिजविल्या.

अशी इमारत खराब कशी होते, हे समजून घेतले पाहिजे. जुने बांधकाम चुन्यातले असते. चुना ओल शोषतो आणि हवा मिळाली की ती बाहेर टाकतो. अशा भिंतीवर घाईघाईने सिमेंटचा गिलावा मारला, की ओल आतच कोंडते आणि काही वर्षांनी गिलावा पोपडे धरून खाली येतो. छताच्या पन्हळी तुंबल्या की पाणी मुरते. भेगेत पिंपळाचे रोप रुजले आणि कोणी उपटले नाही, की त्याची मुळे दगड सरकवितात. मोऱ्या जुन्या माणसांच्या संख्येला पुरतील अशा बांधलेल्या असतात. रुग्ण कित्येक पटींनी वाढतात, पण मोऱ्या तेवढ्याच राहतात. यांपैकी एकही गोष्ट एका दिवसात घडत नाही. प्रत्येकीवर वेळीच थोडा खर्च केला तर ती सुधारते. तो केला नाही तर पुढे सगळी इमारतच धोक्याची ठरते.

उस्मानिया दवाखान्यात वर्षानुवर्षे छताचे तुकडे पडत राहिले. एका प्रसंगी तेथील डॉक्टरांनी डोक्यावर हेल्मेट घालून आपला निषेध नोंदविला. पाहण्या झाल्या, अहवाल आले. २०१५ मध्ये तेलंगण सरकारने जुनी वास्तू पाडून तेथे नवे बहुमजली रुग्णालय बांधण्याचा विचार जाहीर केला. त्यावर वाद माजला. एका बाजूचे अभियंते म्हणाले, इमारत धोकादायक आहे. दुसऱ्या बाजूने वारसा जतन करणाऱ्या इन्टॅक या संस्थेच्या जाणकारांनी मत दिले, की नीट दुरुस्ती केल्यास ती टिकू शकेल. प्रकरण न्यायालयात गेले. नदीच्या एका तीरावरील वास्तूचे भवितव्य त्याच वास्तुविशारदाने बांधलेल्या पैलतीरावरील वास्तूत चर्चिले जाऊ लागले.

पाडावी की राखावी, हा प्रश्न महत्त्वाचा होता यात शंका नाही. परंतु त्या मोठ्या वादात एक लहान प्रश्न हरवला: निर्णय होईपर्यंत येत्या पावसाळ्यात छप्पर आणि मोऱ्या कोण पाहणार? पाडावयाची इमारत म्हणून तिच्यावर खर्च करावयाचा नाही, आणि राखावयाची म्हणून ती पाडावयाची नाही, अशा दुहेरी अडचणीत ती सापडली. जुलै २०२० मध्ये मुसळधार पाऊस झाला, गटाराचे पाणी उलटून दालनांत शिरले आणि खाटांभोवती पाणी साचले. साथीचे दिवस होते, रुग्ण आधीच घाबरलेले होते. त्याच महिन्यात सरकारने जुनी इमारत रिकामी करून बंद करण्याचा आदेश दिला आणि रुग्णांना आवारातील इतर इमारतींत हलविण्यात आले. जो निर्णय अहवालांवरून कित्येक वर्षांत झाला नाही, तो एका पावसाने घडवून आणला.

पुढे ३१ जानेवारी २०२५ रोजी मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांच्या हस्ते गोषामहलच्या मैदानावर नव्या उस्मानिया रुग्णालयाची पायाभरणी झाली. दोन हजार खाटांची ही योजना आहे. मैदान जाणार आणि रहदारी वाढणार, म्हणून आसपासच्या काही रहिवाशांनी व व्यापाऱ्यांनी हरकती घेतल्या. त्या हरकतींच्या गुणदोषात आम्ही येथे शिरत नाही. आम्हांला इतकेच म्हणावयाचे आहे, की नवी इमारत उभी राहिली म्हणजे जुना प्रश्न सुटला, असे कोणी मानू नये. नव्या इमारतीच्याही पन्हळी तुंबतात आणि तारा जळतात. आपल्या शेजारी जे रुग्णालय येणार आहे, त्याच्या देखभालीकडे पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवणे हे शेजाऱ्यांचेच काम आहे.

चौकशी म्हणजे नेमके काय

वर्तमानपत्रांत "चौकशीचे आदेश" असे शब्द आपण वाचतो, तेव्हा त्यात अनेक निरनिराळे प्रकार असतात. खात्याच्या अधिकाऱ्याने आपल्याच खात्याची केलेली चौकशी हा एक प्रकार. महसुली अधिकाऱ्यांच्या किंवा तज्ज्ञांच्या समितीने केलेली चौकशी हा दुसरा. पोलिसांचा तपास वेगळाच, कारण त्याचा हेतू गुन्हेगार शोधणे हा असतो. आणि या सर्वांपेक्षा मोठी ती १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखालील चौकशी.

या आयोगाला साक्षीदार बोलाविणे, शपथेवर जबानी घेणे, कागदपत्रे मागविणे असे दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात. ज्याच्या नावाला बट्टा लागण्याचा संभव आहे, त्याला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. परंतु आयोग कोणालाही शिक्षा करू शकत नाही आणि त्याचा अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो. १९५६ मध्ये दालमिया-जैन उद्योगांच्या चौकशीसाठी मुंबईचे न्यायमूर्ती तेंडोलकर यांचा आयोग नेमला गेला. त्यावरून जो खटला झाला, त्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये हे स्पष्ट केले, की आयोगाचे निष्कर्ष हे केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे असतात.

मग अहवालाचा उपयोग काय, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर १९७१ च्या दुरुस्तीत आहे. तेव्हापासून कायद्यात अशी तरतूद आहे, की अहवाल मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत सरकारने तो, त्यावर काय कार्यवाही केली याच्या निवेदनासह, विधिमंडळापुढे ठेवावा. या निवेदनाला कृती अहवाल म्हणतात. आमच्या मते मूळ अहवालापेक्षा सामान्य नागरिकाने वाचावयाचा कागद हाच होय. कारण मूळ अहवालात काय झाले ते असते, कृती अहवालात काय होणार ते असते. खेदाची गोष्ट अशी, की रुग्णालयांच्या बहुतेक दुर्घटनांत आयोग नेमलाच जात नाही. खात्याची किंवा अधिकाऱ्यांची समिती नेमली जाते, आणि तिच्या अहवालाला हे सहा महिन्यांचे बंधन लागू नसते.

आदेश, भंडारा आणि नगर

चौकशी आणि पाठपुरावा यांतील अंतर किती जीवघेणे असते, हे २०२० आणि २०२१ या दोन वर्षांनी दाखविले. ६ ऑगस्ट २०२० रोजी अहमदाबादच्या एका खाजगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून कोविडचे आठ रुग्ण मरण पावले. नोव्हेंबरमध्ये राजकोटच्या रुग्णालयात तसेच घडले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि १८ डिसेंबर २०२० रोजी सर्व राज्यांना आदेश दिला: कोविडच्या प्रत्येक रुग्णालयात अग्निसुरक्षेसाठी एक जबाबदार अधिकारी नेमावा, आणि प्रत्येक जिल्ह्यात समिती नेमून महिन्यातून निदान एकदा अशा रुग्णालयांची तपासणी करावी. आदेश नेमका होता, त्यात माणूस होता आणि मुदतही होती.

त्यानंतर बावीस दिवसांनी, ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर, महाराष्ट्रात भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या विशेष कक्षाला आग लागली. कक्षात सतरा बालके होती. सात वाचली, दहा गेली. चौकशी समितीने थोड्याच दिवसांत अहवाल दिला. बालकाला ऊब देणाऱ्या एका विद्युत उपकरणात ठिणगी पडून आग लागली, असे कारण पुढे आले. रुग्णालयासाठी आग विझविण्याच्या यंत्रणेचा प्रस्ताव आधीपासून सरकारदरबारी पडून होता, हेही उघड झाले. जिल्हा शल्यचिकित्सक, डॉक्टर आणि परिचारिका मिळून सात जणांवर निलंबन, बदली वा सेवासमाप्ती अशी कारवाई झाली.

न्यायालयाचा आदेश कोविड रुग्णालयांपुरता होता आणि भंडाऱ्याचा कक्ष बालकांचा होता, असे कोणी म्हणेल. कायद्याच्या दृष्टीने ते खरे असेल. पण आग अशी वर्गवारी करीत नाही. एका प्रकारच्या कक्षात धोका दिसला, तर तशाच तारा, तसाच प्राणवायू आणि तशीच बंद तावदाने असलेले सगळे कक्ष तपासावयास हवेत, हे सांगण्यास न्यायालय कशाला हवे?

भंडाऱ्यानंतर राज्यभर रुग्णालयांची तपासणी करण्याचे आदेश निघाले. तरी ६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागली आणि कोविडचे अकरा रुग्ण दगावले. हा विभाग जुनाट नव्हता, नव्यानेच बांधलेला होता. येथे रुग्णालय कोविडचे होते, आदेश होता, भंडाऱ्याचा अनुभव होता आणि मध्ये दहा महिने गेले होते. पुन्हा समिती, पुन्हा निलंबन.

दोषी व्यक्तींवर कारवाई होऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. पण परिचारिका निलंबित झाल्याने तार बदलली जात नाही. रात्रपाळीला किती माणसे होती, विजेच्या उपकरणांची तपासणी कोणाकडे होती, यंत्रणेचा प्रस्ताव कोणत्या टेबलावर किती महिने थांबला, या प्रश्नांची उत्तरे मिळाली तरच पुढचे मूल वाचते. मुसीच्या पुरानंतरच्या तीन कसोट्या येथे लावून पाहा: नेमके काम सांगितले गेले, पण यंत्रणा व पैसा वेळेवर पोचला नाही, आणि काम एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात गेले नाही.

अतिदक्षता विभागाला आगीचा एवढा धोका का, हेही सांगितले पाहिजे. तेथे प्राणवायूची नळी प्रत्येक खाटेशी असते. हवेत प्राणवायूचे प्रमाण थोडे जरी वाढले तरी गादी, चादर, प्लास्टिक झपाट्याने पेट घेते. वातानुकूलनासाठी खिडक्या बंद असतात, त्यामुळे धूर कोंडतो. उपकरणे अहोरात्र चालतात आणि तारांवर मूळ आखणीपेक्षा अधिक भार पडतो. सर्वांत मोठी अडचण म्हणजे तेथील माणूस उठून पळू शकत नाही. ९ डिसेंबर २०११ रोजी कोलकात्यातील एका मोठ्या खाजगी रुग्णालयात तळघरात ठेवलेल्या ज्वलनशील मालाने पेट घेतला, धूर वरच्या मजल्यांवर चढला आणि नव्वदाच्या आसपास माणसे गुदमरून मेली. त्यांतील अनेकांपर्यंत ज्वाळा पोचल्याच नव्हत्या.

जेथे धडा घेतला गेला

केवळ निराशेची चित्रे दाखविणे आम्हांला योग्य वाटत नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छमधील भुजचे जिल्हा रुग्णालय कोसळले आणि आत असलेले रुग्ण व कर्मचारी त्याखाली सापडले. जखमींना जेथे न्यावयाचे तीच जागा नाहीशी झाली. त्यानंतर तेथे जे नवे रुग्णालय बांधले आणि २००४ मध्ये सुरू केले, त्याच्या खांबांखाली शिसे व रबर यांच्या जाड गाद्या बसविण्यात आल्या. जमीन हादरली तरी तो हादरा गादीत मुरतो आणि वरची इमारत सावकाश हलते. बैलगाडीच्या चाकाला धाव असते आणि मोटारीला स्प्रिंग, तसाच हा फरक. भूकंपाने जे शिकविले ते येथे पायातच बसविले गेले.

दुसरे उदाहरण स्कॉटलंडमधील एडिंबरो शहराचे. तेथील मुलांचे नवे रुग्णालय जुलै २०१९ मध्ये सुरू व्हावयाचे होते. सामानाची बांधाबांध झाली होती. स्थलांतराला अवघे काही दिवस उरले असताना असे आढळले, की अतिदक्षता विभागात तासाला दहा वेळा हवा बदलली पाहिजे, तेथे चारच वेळा बदलत होती. मंत्र्यांनी स्थलांतर थांबविले. नंतर न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली जाहीर चौकशी बसली आणि ही चूक कागदावर केव्हा शिरली, याचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला गेला. श्रीमंत देशातही चुका होतात, हा यातला लहान मुद्दा. मोठा मुद्दा असा, की रुग्ण आत जाण्यापूर्वी कोणीतरी मोजमाप घेतले आणि मोजमाप चुकल्यावर उद्घाटन पुढे ढकलण्याचे धैर्य दाखविले.

आपल्यासारख्या संस्थेने काय करावे

येथपर्यंत वाचून सभासद म्हणतील, हे सारे सरकारचे काम. आपण व्यापारी, नोकरदार, गृहिणी माणसे यात काय करणार? आमच्या मते चार गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

पहिली गोष्ट दानासंबंधीची. देणगीदाराला खोली बांधून द्यावी, तिच्या दारावर वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी लागावी, असे वाटते. ही भावना सात्त्विकच आहे. पण छप्पर धुण्याला, जुन्या तारा बदलण्याला, मोरी साफ करण्याला कोणी देणगी देत नाही, कारण तिथे पाटी लागत नाही. आमची सूचना अशी, की खोली बांधावयास पैसे दिले तर त्याबरोबर तिच्या देखभालीसाठी वेगळी ठेव ठेवावी आणि तिच्या व्याजातून दरवर्षी तपासणी व्हावी. आणि उपकरण देणगी द्यावयाचे असेल तर त्या कक्षाची वीजजोडणी त्याचा भार सोसेल काय, हे लेखी विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट प्रश्न विचारण्याची. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा वापरणाऱ्याने वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैमध्ये, आग विझविण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला परवानाधारक संस्थेकडून घेऊन द्यावयाचा असतो. आपल्यापैकी कित्येकांचे नातलग नांदेड, लातूर, सोलापूर, पुण्याकडे आहेत. त्यांनी तेथील रुग्णालयात हा दाखला पाहावयास मागावा. इकडेही अग्निशमन खात्याचा ना-हरकत दाखला आहे काय आणि त्याची मुदत कधी संपते, हे विचारण्यात काही गैर नाही. रुग्णालय खाजगी असो, धर्मादाय असो वा सरकारी असो, प्रश्न एकच.

तिसरी गोष्ट अहवालांचा माग ठेवण्याची. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने नागरिकाला सरकारी कागद मागता येतो आणि साधारणतः तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. शेजारच्या रुग्णालयाविषयी एखादी समिती बसली तर तिच्या शिफारशी किती, त्यांपैकी कोणत्या मान्य झाल्या, प्रत्येकीला कोणता अधिकारी जबाबदार आहे आणि मुदत काय, इतके चार प्रश्न विचारले तरी पुरे. अर्ज रागाने लिहू नये, मुद्द्याने लिहावा. संस्थेतील एखाद्या निवृत्त सभासदाने हे काम अंगावर घेतले तर त्याच्या अनुभवाचा याहून चांगला उपयोग होणार नाही.

चौथी गोष्ट आपल्या स्वतःच्या वागणुकीची. रुग्णाला भेटावयास गेल्यावर आपणच जिन्यात पथाऱ्या पसरतो, दारापाशी ट्रंका व डबे रचतो, कोपऱ्यात विजेच्या शेगडीवर चहा करतो, एका प्लगात तीन वायरी खुपसतो. आगीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट या सामानानेच अडते. कक्षात पाऊल टाकताना दुसरे दार कोठे आहे हे पाहून ठेवावे आणि ते कुलूपबंद असेल तर परिचारिकेला नम्रपणे सांगावे. मुलांनाही ही सवय लावावी.

उस्मानसागर व हिमायतसागर यांनी या शहराला शंभर वर्षे पाणी पाजले आणि पुरापासून सांभाळले; पण त्यांचे पाणी पिताना तो एका चौकशीचा अहवाल आहे, हे कोणाच्या मनात येत नाही. अहवालाचे खरे यश तेच होय, की त्याचे नाव विसरले जावे आणि काम उभे राहावे. गोषामहलच्या नव्या दवाखान्याच्या बाबतीतही असेच घडो, आणि ते घडावे म्हणून आपल्या न्यासाने आपल्या पुढील कार्यक्रमात रुग्णालय-देखभालीसाठी एक लहानसा निधी आणि दोन-तीन सभासदांची एक उपसमिती यांचा समावेश करावा, अशी आम्ही विश्वस्त मंडळाला व सर्व सभासद कुटुंबांना विनंती करतो.